रिव्हर्स मॉर्टगेज घ्यायचं का? सही करण्याआधी करायचे हिशोब

पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकचं सातपूर-अंबड, या पट्ट्यातल्या खासगी कंपन्यांमधून रिटायर झालेल्या माणसांची परिस्थिती बघा. ईपीएसची (म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन दोन-तीन हजार, काहींना तर सरकारने ठरवलेली किमान म्हणजे महिना १,००० रुपये, आणि राहतायत मात्र आजच्या भावाने सत्तर-ऐंशी लाखांच्या फ्लॅटमध्ये. पीएफचा पैसा मुलांच्या शिक्षणात, लग्नात, एखाद्या मोठ्या आजारपणात गेला. मग कुणीतरी सांगतं, अहो रिव्हर्स मॉर्टगेज करा की, बँक तुम्हाला दर महिन्याला पैसे देईल, घर पण तुमचंच राहील आणि फेडायचं पण नाही.

हे खोटं नाहीये, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर सत्तराव्या वर्षी घराचे कागद बँकेत ठेवणं फार जोखमीचं. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला तपासता येईल. साठी-पासष्टीत रिव्हर्स मॉर्टगेज शक्यतो घेऊ नये, दुसरे रस्ते आधी बघावेत. पंचाहत्तरीच्या पुढे, बिल्डिंग बऱ्यापैकी नवी, कागद स्वच्छ, घर सोडायचंच नाही असं दोघांचंही ठरलेलं आणि मुलं नाहीत किंवा मुलांना या घराची गरज नाही, अशा लोकांना मात्र याचा खरंच उपयोग होतो. असं का, ते आकड्यांवरून दिसेल.

हे नक्की आहे तरी काय

२००७-०८ च्या केंद्रीय बजेटमध्ये याची घोषणा झाली, मग नॅशनल हाउसिंग बँकेने नियमावली काढली आणि काही सरकारी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांनी योजना सुरू केल्या. होमलोनमध्ये आपण बँकेला हप्ता देतो, इथे बँक आपल्याला हप्ता देते. घर बँकेकडे गहाण, मालकी तुमचीच, राहणार तुम्हीच. बँक देत असलेला प्रत्येक हप्ता म्हणजे तुमच्या नावावर चढत जाणारं कर्ज, त्यावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. वसुली कधी? दोघंही गेल्यावर, किंवा तुम्ही घर विकलंत, किंवा कायमचं दुसरीकडे राहायला गेलात तर.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. एक, "घर बँकेचं होतं". नाही होत. शेवटी घर विकून बँकेचे पैसे वळते झाले की उरलेली रक्कम वारसांची. दोन, "कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं तर मुलांच्या मानगुटीवर बसेल". तेही नाही, नियमावलीप्रमाणे घर विकून जेवढे निव्वळ पैसे येतील तेवढ्यावरच बँकेचा हक्क, बाकीचा तोटा बँकेचा. ही तरतूद खरंच चांगली आहे, फक्त ती तुमच्या करारात लिहिलेली आहे का हे डोळ्यांनी वाचून घ्या.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते ती म्हणजे मुदत. बँक हप्ते जास्तीत जास्त २० वर्षं देऊ शकते, बऱ्याच ठिकाणी १० किंवा १५ वर्षंच. मुदत संपली की हप्ता बंद. तुम्ही मरेपर्यंत त्या घरात राहू शकता, कुणी बाहेर काढत नाही, पण महिन्याचे पैसे येणार नाहीत आणि व्याज मात्र चढत राहणार. अमेरिकेत असलेली मुलं फोनवर सांगतात की इथे तर आयुष्यभर पैसे मिळतात, ते बरोबर आहे, पण तिथली योजना ६२ वर्षांपुढच्यांसाठी आणि तिला सरकारी विम्याचं पाठबळ आहे, तिचे नियम इथे लावू नका. आपल्याकडेही विमा कंपनीकडून आयुष्यभर ॲन्युइटी (पेन्शनसारखी ठरावीक रक्कम) देणारा प्रकार नंतर आला, पण तो सहजासहजी मिळत नाही, शाखेत विचारून बघायला हरकत नाही एवढंच.

पहिली पायरी: तुम्ही आणि तुमचं घर यात बसता का

वयाचं सोपं आहे. साठ पूर्ण हवीत, नवरा-बायको दोघांनी मिळून घेतलं तर एकाची साठ आणि दुसऱ्याची किमान ५५. बायको असेल तर दोघांच्या नावानेच घ्या, हा मुद्दा मी पुन्हा सांगणार आहे कारण यात चूक झाली तर सगळ्यात जास्त तीच भोगते.

घराचं मात्र किचकट आहे. घर स्वतः कमावलेलं हवं, स्वतः राहत असलेलं हवं, कागद स्वच्छ हवेत आणि बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं हवं. हे चार शब्द वाचायला साधे वाटतात पण महाराष्ट्रातल्या निम्म्या केसेस इथेच अडकतात असा माझा अंदाज आहे.

बिल्डिंगचं आयुष्य घ्या. डोंबिवली, मुलुंड, कोथरूड इथल्या ऐंशीच्या दशकातल्या चार मजली सोसायट्या, लिफ्ट नाही, बाहेरून प्लास्टर सुटलेलं, गच्चीवर पत्रे टाकलेले. बँकेचा इंजिनियर येऊन बघून जाणार आणि २० वर्षं टिकेल असं लिहून देणार नाही. आणि तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू असेल तर आत्ता रिव्हर्स मॉर्टगेजच्या नादी लागूच नका. गहाण घर रिडेव्हलपमेंटला जाताना बँकेची परवानगी, नव्या फ्लॅटवर पुन्हा गहाणखत, मधली तीन-चार वर्षं तुम्ही भाड्याच्या घरात, म्हणजे "स्वतः राहत असलेलं" ही अटच मोडली, असा सगळा गुंता होतो. त्यापेक्षा रिडेव्हलपमेंट होऊ द्या, नवा फ्लॅट ताब्यात येऊ द्या, मग विचार करा. तेव्हा घराची किंमत वाढलेली असेल, बिल्डिंग नवी असेल आणि तुमचं वयही वाढलेलं असेल, तिन्ही गोष्टी तुमच्या फायद्याच्या.

पागडीची खोली असेल तर विषयच संपला, तुम्ही भाडेकरू आहात, मालक नाही. गावचा वाडा किंवा वडिलोपार्जित घर असेल तर ते स्वकष्टार्जित नाही, भाऊबंदांचे हक्क असतात, बँक हात लावत नाही. सिडकोची जमीन लीजवर असते, गहाण ठेवायला त्यांची एनओसी लागते, लीजची किती वर्षं उरलीत हेही बघतात.

सगळ्यात वाईट वाटतं ते बक्षीसपत्र करून बसलेल्यांचं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस द्यायला मूळ स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे (वर स्थानिक कर लागतो तो वेगळा), त्यामुळे "नंतर कटकट नको" म्हणून कितीतरी आई-बाबांनी जिवंतपणीच घर मुलाच्या नावावर करून टाकलंय. आता ते त्या घराचे मालक नाहीत, त्यामुळे रिव्हर्स मॉर्टगेजचा प्रश्नच उरत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस मुलाने सांभाळलं नाही तर रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी ट्रिब्युनलमध्ये आपल्याच मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. म्हणून अजून केलं नसेल तर करू नका, मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं.

आणि ज्या काकूंच्या यजमानांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट होता आणि ते गेले, त्यांच्यासाठी. सोसायटीत तुमचं नॉमिनेशन आहे म्हणून घर तुमचं झालं असं होत नाही. नॉमिनी म्हणजे वारस ठरेपर्यंतची सोय. मृत्युपत्र नसेल तर तुमच्याबरोबर मुला-मुलींचाही हिस्सा आहे, त्यांच्याकडून रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करून घ्यावं लागेल, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवावं लागेल, आणि एवढं करूनही घर "स्वतः कमावलेलं" धरायचं की नाही यावर बँकेचा वकील अडून बसू शकतो. म्हणून आधी वकिलाचं मत तोंडी घ्या, नंतर फी भरा.

आता एक काम करा, घरातली ती जुनी प्लॅस्टिकची पिशवी काढा ज्यात घराचे कागद आहेत आणि सगळं टेबलावर मांडा. बिल्डरबरोबरचा मूळ करार, मध्ये कुणाकडून घेतलं असेल तर त्याआधीच्या करारांची पूर्ण साखळी, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स २ (रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (मागच्या बाजूला ट्रान्सफरची नोंद आणि सेक्रेटरीची सही आहे का ते उलटून बघा, बऱ्याचदा ती नोंदच झालेली नसते), प्रॉपर्टी टॅक्सची शेवटची पावती, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र, भोगवटा प्रमाणपत्र. जुनं होमलोन फिटलं असेल तर बँकेचं नो ड्यूज आहे का आणि त्या बोजाची नोंद कमी झालीय का. यातला जो कागद नाही तो मिळवण्यातच दोन महिने जातात, बँकेत जाण्याआधीच त्याला लागा.

दुसरी पायरी: महिन्याला खरंच किती मिळेल

इथे सगळ्यात जास्त लोकांचा हिरमोड होतो, म्हणून सावकाश बघू.

घर ८० लाखांचं आहे असं धरा. बँकेचा व्हॅल्युअर येईल, तो बहुतेक तुमच्या ब्रोकरने सांगितलेल्या भावापेक्षा कमीच लिहील, पण आपण ८०च धरू. बँक याच्या सगळ्या किमतीवर कर्ज देत नाही, वयानुसार टक्केवारी ठरते, वय जास्त तर टक्केवारी जास्त. आपण ६० टक्के धरू, म्हणजे ४८ लाख. आता नीट वाचा, हे ४८ लाख तुमच्या हातात येणारे नाहीत. मुदत संपताना हप्ते अधिक व्याज मिळून जो आकडा होईल तो ४८ लाख. म्हणजे व्याज याच्या आतच धरलेलं आहे.

व्याजदर १० टक्के धरला तर १५ वर्षांच्या मुदतीसाठी महिन्याचा हप्ता येतो साधारण ११,५८० रुपये. पंधरा वर्षांत हातात आले जेमतेम २१ लाख, आणि व्याज झालं २७ लाखांच्या वर. तीच मुदत २० वर्षं केली तर हप्ता ६,३२० रुपये, सगळे मिळून सव्वापंधरा लाखांच्या आत. १० वर्षं केली तर २३,४३० रुपये, एकूण २८ लाख.

बघा, घर तेच, व्याज तेच, मुदत फक्त बदलली आणि हप्ता सहा हजारांवरून तेवीस हजारांवर गेला. बासष्टाव्या वर्षी घेतलंत तर मुदत लांब हवी, कारण ७२ व्या वर्षी हप्ता बंद झाला तर खायचं काय, आणि लांब मुदतीत हप्ता इतका लहान की त्यात औषधं-बिलं भागली तरी पुष्कळ. ७६ व्या वर्षी घेतलंत तर १० वर्षांची मुदत चालते आणि हप्ता घर चालवण्याएवढा मिळतो. मी सुरुवातीला पंचाहत्तरी म्हटलं ते यासाठी.

महागाई विसरू नका. हप्ता ठरलेला असतो. ६ टक्के महागाई धरली तर पंधराव्या वर्षी त्या ११,५८० ची किंमत आजच्या ४,८०० रुपयांएवढी असेल. दर पाच वर्षांनी तरी घराची पुन्हा किंमत काढावी असं नियमावलीत आहे आणि किंमत वाढली असेल तर हप्ता वाढू शकतो, पण त्यावर आज भरवसा ठेवून खर्च आखू नका.

आणि मुदतीनंतरचं. पंधरा वर्षं संपली, ४८ लाख कर्ज उभं आहे, तुम्ही देवाच्या दयेने ठणठणीत, आणखी पाच वर्षं राहिलात. ते ४८ लाख त्याच दराने ७९ लाख होतात. दुसऱ्या बाजूला घर वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं असेल तर वीस वर्षांत ८० लाखांचे दोन कोटींच्या वर झालेले असतील, म्हणजे वारसांना तरीही चांगली रक्कम उरते. पण घराचा भाव वाढला नाही तर तेवढं उरणार नाही. दोन्ही चित्रं मुलांसमोर ठेवा.

नियमावलीत महिन्याच्या हप्त्याला ५०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. एकरकमी पैसेही मिळू शकतात पण ते मुख्यतः उपचारांसाठी, मंजूर रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५ लाख. धंद्यात घालायला किंवा शेअरमध्ये खेळायला हे पैसे वापरता येत नाहीत, नातवाच्या स्टार्टअपला द्यायला पण नाही. टॅक्सचं मात्र चांगलं आहे, हे कर्ज असल्यामुळे हप्ता उत्पन्नात धरला जात नाही, २००८ मध्येच आयकर कायद्यात तशी दुरुस्ती झाली, आणि घर गहाण ठेवलं म्हणून कॅपिटल गेनही (घर विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स) लागत नाही. शेवटी वसुलीसाठी घर विकलं जाईल तेव्हा लागतो.

तिसरी पायरी: हेच घर वापरून दुसरं काय करता येईल

हा हिशोब केल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

पुण्यात टू बीएचके आहे, ८० लाखांना विकलात. त्याच भागात किंवा थोडं बाहेर ४५ लाखांचा वन बीएचके घेतलात, पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, रजिस्ट्रेशन ३०,००० रुपये, ब्रोकर, सामान हलवणं, रंगकाम हे सगळं धरून पाच लाख गेले. हातात उरले ३० लाख. हे पोस्टातल्या किंवा बँकेतल्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकले (एका माणसाची मर्यादा बरोबर ३० लाखच आहे) तर ८.२ टक्के दराने तीन महिन्यांना ६१,५०० रुपये व्याज, म्हणजे महिना २०,५००. आणि मुद्दल ३० लाख तसंच, घरही स्वतःचं, बोजा शून्य. याच्याशी ११,५८० ची तुलना करा.

यात व्याजावर टॅक्स आहे, पण दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर तो बहुतेकांना लागतच नाही. जुनं घर विकल्याचा कॅपिटल गेन नवीन घरात घातला तर तेवढ्यापुरता वाचतो, उरलेल्यावर पडेल, तेवढं सीएकडून काढून घ्या. हा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, तुम्ही पैसे टाकता त्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो.

मग सगळ्यांनी विकूनच टाकावं का? नाही. सत्तरीनंतर घर बदलणं म्हणजे फक्त सामान हलवणं नसतं. शेजारच्या वहिनी रात्री-अपरात्री धावून येतात, कोपऱ्यावरचा केमिस्ट औषध घरपोच देतो, देवळात रोजची चार माणसं भेटतात, डॉक्टरला जुनं दुखणं माहीत आहे. हे नव्या जागी पुन्हा जमवायला त्या वयात अंगात बळ नसतं, मी अशी माणसं बघितलीत की पैशाने सुटली पण नव्या टॉवरमध्ये दिवसभर दार लावून बसतात. ज्यांना हे नको आहे त्यांनी कमी हप्ता घेऊन जुन्याच घरात राहणं पूर्ण समजून-उमजून निवडावं, त्यात काही चूक नाही. फक्त त्या राहण्याची महिन्याची किंमत किती, हे वरच्या दोन आकड्यांतून कळलेलं असावं.

आणखी दोन रस्ते. एखादी खोली भाड्याने देऊन पेइंग गेस्ट ठेवणं, महिन्याला पाच-सात हजार सहज येतात आणि घरात माणूस असतो. पण हे रिव्हर्स मॉर्टगेजबरोबर करता येत नाही, घर किंवा घराचा भाग भाड्याने दिला तर कराराचा भंग होतो. दुसरा रस्ता म्हणजे मुलांनीच बँकेसारखं वागायचं. मुलगा आणि मुलगी दोघं मिळून महिन्याला १५ हजार देतील, आणि आई-बाबांनंतर मृत्युपत्राप्रमाणे घर त्या प्रमाणात त्यांचं. दहा टक्के चक्रवाढ व्याज वाचलं. ज्या घरात एक मुलगा देतो आणि दुसरा देत नाही तिथे तर हे लिहूनच काढावं, कुणी कधीपासून किती दिले ते, आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेख असावा. आई-बाबांना मुलांकडे मागायला जड जातं, म्हणून मुलांनीच हा विषय काढावा.

लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी, म्हणजे घर तारण ठेवून घ्यायचं नेहमीचं कर्ज, घेऊ नका. त्याचा ईएमआय दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो, तो भरायला पैसे असते तर ही वेळच आली नसती.

खर्चाची बाजूही एकदा तपासा. ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, आधारवर कार्ड निघतं. तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते आधी बघा.

चौथी पायरी: घरात बोला, दोघांनीही

कायद्याने मुलांची संमती लागतेच असं नाही, घर तुमचं आहे. तरी सांगा. नंतर कळलं की मुलं दुखावतात, आणि शेवटी बँकेशी व्यवहार त्यांनाच करायचाय.

पण त्याआधी नवरा-बायकोत बोला. आपल्याकडे कागदाचे व्यवहार काका बघतात आणि काकू "हे म्हणतील तिथे" सही करतात. काका आधी गेले तर? काकूंचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर त्या तिथेच राहतील आणि हप्ताही चालू राहील. नाव नसेल तर काका गेले की कर्ज वसुलीला येतं आणि सत्तरीतल्या बाईवर घर सोडायची पाळी. म्हणून काकूंनी स्वतः बँकेत जावं, स्वतः विचारावं की माझ्या यजमानांनंतर माझं काय, आणि उत्तर लेखी घ्यावं. संकोच करू नका, ते मॅनेजरचं कामच आहे.

पाचवी पायरी: बँकेत

पहिल्या शाखेत कदाचित काउंटरवरच्या मुलाला हे काय आहे तेच माहीत नसेल, वैतागू नका, होमलोनच्या प्रोसेसिंग सेलचा पत्ता मागा. किमान दोन-तीन बँकांत विचारा, कारण टक्केवारी, मुदत, दर सगळं वेगवेगळं असतं.

विचारायचं ते असं: व्याजदर फिक्स्ड की फ्लोटिंग, आणि दर वाढला तर माझा हप्ता कमी होणार का. मुदत किती. प्रोसेसिंग फी, व्हॅल्युअर, वकील, स्टॅम्प ड्युटी, गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची रजिस्ट्रार ऑफिसात द्यायची सूचना) हे सगळं मिळून आधी माझ्या खिशातून किती जाईल. घराचा विमा कोण काढणार. मला मध्येच पैसे भरून सुटायचं असेल तर दंड आहे का (नियमावलीप्रमाणे नसावा). मृत्युपत्राबाबत बँकेची काय अट आहे. आणि मला वर्षवार तक्ता छापून द्या, कुठल्या वर्षी किती कर्ज झालेलं असेल त्याचा. हा तक्ता देत नसतील तर त्या बँकेत पुढे जाऊ नका.

कराराचा मसुदा घरी आणून एखाद्या वकिलाला दाखवा, बँकेच्या पॅनलवरच्या नाही, तुमच्या. त्याची फी या व्यवहारातला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च आहे.

सही झाल्यावर

सही केल्यानंतर तीन दिवसांत माघार घेता येते, अशी सोय नियमावलीत ठेवलेली आहे. त्यादरम्यान पैसे जमा झाले असतील तर ते परत करावे लागतात. त्या तीन दिवसांत करार पुन्हा एकदा शांतपणे वाचा, मुलीला, जावयाला वाचायला लावा.

त्यानंतर काही गोष्टी कायम सांभाळायच्या. प्रॉपर्टी टॅक्स, सोसायटीचा मेंटेनन्स आणि विमा वेळेवर, घराची डागडुजी. घरात दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं नाही, त्यावर आणखी कर्ज नाही. आणि वर्षभर सलग घराबाहेर राहायचं नाही, हा नियम अनेकांना अडचणीत आणू शकतो. मुलाकडे बोस्टनला किंवा मुलीकडे बंगळुरूला गेलात, तिथे पाय मोडला, मुक्काम लांबला, वर्ष होऊन गेलं, तर बँक म्हणू शकते की तुम्ही घर सोडलंत. जाताना शाखेला लेखी कळवा, पोच घ्या, मुक्काम वाढला तर पुन्हा मेल करा आणि शक्यतो वर्षाच्या आत एकदा येऊन राहून जा. वृद्धाश्रमात किंवा केअर होममध्ये कायमचं जायचं ठरलं तर कर्ज वसुलीला येतं हेही आधीच माहीत असू द्या, ज्यांना दोन-चार वर्षांत तसं जावं लागेल असं वाटतंय त्यांनी रिव्हर्स मॉर्टगेज न घेता घर विकून तो पैसा तिकडे वापरणं जास्त सोयीचं.

मुलांसाठी शेवटचं

आई-बाबा दोघंही गेल्यावर घाबरून बँकेला टाळू नका. पैसे भरून घर सोडवून घ्यायचा पहिला हक्क तुमचाच आहे, बँकेने परस्पर विकायला काढण्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे. पण वेळ कमी असतो, नियमावलीत साधारण दोन महिन्यांपर्यंत म्हटलंय, आणि दरम्यान व्याज चालूच. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा, त्या तारखेचा थकबाकीचा आकडा लेखी मागा, आणि घर ठेवायचंय की विकायचंय ते भावंडांनी मिळून ठरवा. विकायचं असेल तर शक्यतो गिऱ्हाईक स्वतः शोधा आणि बँकेला सांगून व्यवहार करा, लिलावात गेलं की भाव पडतो. परदेशात असाल तर इथल्या बहीण-भावाच्या नावाने पॉवर ऑफ ॲटर्नी आधीच करून ठेवलेली बरी.

पूर्ण पैसे भरलेत की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार वारलेला असला तरी वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत प्रत्येक बँकेने ठरवून जाहीर करायची आहे, ती मागून घ्या. कागद हातात आले की पानं मोजून यादीशी जुळवा, गहाणाचा बोजा रजिस्ट्रेशनच्या नोंदीतून कमी झाल्याची खात्री करा, आणि मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या.